सागरापलीकडचे सोबती

खोर फक्कान हे नाव आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी ऐकले नसेल. अमिरातींचा नकाशा उघडला की दुबई, शारजा, अबू धाबी ही नावे ठळक दिसतात. ती सर्व पश्चिमेस, आखाताच्या अंगास. खोर फक्कान मात्र डोंगर ओलांडून पूर्वेस, ओमानच्या आखाताच्या काठी वसलेले असून ते शारजा अमिरातीत मोडते. 'खोर' म्हणजे खाडी आणि 'फक्कान' म्हणजे दोन जबडे. दोन्ही बाजूंनी डोंगर पुढे आलेले आणि मध्ये शांत पाणी, असे ते बंदर पाहिले म्हणजे ज्यांचे बालपण कोकणच्या किनाऱ्यावर गेले त्यांना आपण परमुलखात आलो आहोत असे क्षणभर वाटत नाही. १५०७ साली पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क याने हे गाव उद्ध्वस्त केले. त्याच पोर्तुगीजांनी पुढे १५२१ साली आपल्या चौल-रेवदंड्यास किल्ला बांधावयास घेतला. १९७९ पासून येथे कंटेनर वाहणारी मोठी जहाजे लागतात, आणि त्या निमित्ताने कित्येक भारतीय कुटुंबे येथे येऊन राहिली आहेत.

अशाच एका घरी २०२३ च्या जानेवारीत माझे जाणे झाले. अध्यापक विद्यालयात माझ्या बाकावर बसणारी माझी मैत्रीण आज अलिबाग तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविते. मी इकडे आले, ती तिकडे राहिली, पण पत्रव्यवहार तुटला नाही. तिचा मुलगा खोर फक्कानच्या बंदरात नोकरीस आहे. ती मुलाकडे येणार होती, तिने लिहिले, "अगं, तुला आता तीन तासांचेच तर विमान आहे, येऊन जा." गेले. शारजाहून डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांचा नवा रस्ता २०१९ साली खुला झाला आहे, त्यामुळे दुबईच्या विमानतळावरून खोर फक्कान आता फार दूर राहिलेले नाही.

मैत्रिणीची नात आठ वर्षांची. शाळेत इंग्रजी, जोडीस हिंदी, आणि तेथील नियमाप्रमाणे अरबी. घरी मराठी अगदी अलिबागच्या वळणाची. रात्री मी तिला म्हटले, "चल, मला एक गोष्ट वाचून दाखव." तिने कपाटातून एक सुरेख सचित्र मराठी पुस्तक काढले आणि पाने उलटीत गोष्ट सांगू लागली. चार पाने झाल्यावर माझ्या ध्यानात आले की ती वाचीत नव्हती. चित्रे पाहून गोष्ट रचीत होती. देवनागरी अक्षरे ती हिंदीच्या तासाला शिकलेली, पण ती अडखळत. आणि घरची भाषा याच अक्षरांत लिहिता येते हे तिच्या मनासच शिवले नव्हते.

हसू आले, आणि लगेच मावळले. कारण अश्दोदला माझी स्वतःची नात याहून निराळी नाही. तिला माझे बोलणे सर्व कळते, उत्तर मात्र हिब्रूतून येते. आणि माझ्या आईने मला लिहिलेली पत्रे तिच्या हाती दिली तर ती तिला नक्षीसारखी दिसतात. वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या घरी याहून वेगळे आहे? १८७५ साली हाइम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईस इस्राएली शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा या नावाने ओळखली जाऊ लागली. तेथे आपल्या वडीलधाऱ्यांनी मराठीतून शिक्षण घेतले, मराठीतून मासिके काढली, कीर्तने रचली. हे सर्व ज्या लिपीत आहे ती लिपी आपल्या घरात आमच्या पिढीबरोबर संपणार, हे मी बरीच वर्षे मुकाट्याने मान्य करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी मासळी बाजारात गेलो. फळीवर सुरमई मांडलेली होती. मैत्रीण म्हणाली, "सुरमई!" विकणारा म्हणाला, "कनअद!" आणि मी न कळत म्हणाले, "अगं, ही तर आमची पलामीदा!" नात तिघांकडे आळीपाळीने पाहू लागली व म्हणाली, "मग हिचे खरे नाव कोणते?" शिक्षकाच्या आयुष्यात असा प्रश्न आपण होऊन चालत येणे ही भाग्याची गोष्ट. त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी ठरविले की तीन ठिकाणच्या मुलांनी मिळून माशांची एक वही करावयाची, आणि ती मराठीत करावयाची. अलिबागकडील चौथीचा वर्ग, खोर फक्कानमधील ही मुलगी व तिच्या चार मराठी मैत्रिणी, आणि अश्दोदमधील आपल्या सहा घरांतील नऊ मुले.

आरंभ अगदीच फिका झाला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अलिबागच्या मुलांनी पाठ्यपुस्तकातील नमुन्याबरहुकूम पत्रे लिहिली: माझे नाव अमुक, माझा आवडता रंग तमुक, तुम्ही कसे आहात, आम्ही मजेत आहोत. आमच्या मुलांनी ती माझ्याकडून वाचून घेतली, बरे म्हणाली आणि खेळावयास पळाली. तीन आठवडे कोणी उत्तर लिहिले नाही. दोष मुलांचा नव्हता. ज्या पत्रात विचारण्यासारखे काही नाही त्यास उत्तर तरी काय द्यावयाचे?

आमच्या प्रशिक्षणात मॉन्तेसोरीबाई होत्या, गिजुभाई होते, ताराबाई मोडक आणि कोसबाडच्या अनुताई वाघ होत्या. सेलेस्तँ फ्रेने यांचे नाव मात्र मी इकडे आल्यावर वाचले. पहिल्या महायुद्धात छातीस जखम झालेला हा तरुण फ्रेंच शिक्षक आग्नेय फ्रान्समधील बार-स्यूर-लू या डोंगरी गावात नेमला गेला. त्याला फार वेळ बोलवत नसे. व्याख्यान देणे शक्य नाही, तेव्हा मुलांनाच बोलते केले पाहिजे, असे त्याने ठरविले. १९२० च्या दशकात त्याने एक लहानसा छापखाना वर्गात आणून ठेवला. मुले आपला अनुभव सांगत, सर्वांनी मिळून तो नीट लिहावयाचा, स्वतः खिळे जुळवून छापावयाचा आणि दूरच्या शाळेस पाठवावयाचा. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील त्रेगँक येथील रने दानिएल या शिक्षकाच्या वर्गाशी त्यांची देवघेव चाले. डोंगरातील मुलांनी समुद्रकाठच्या मुलांना लिहावयाचे म्हटले की आपल्याला सहज ठाऊक असलेली गोष्टही उलगडून सांगावी लागते. येथेच खरे लेखन सुरू होते. आपल्या गुरुजींसाठी लिहिलेला निबंध गुण मिळेपर्यंतच जगतो. समोरच्याला कळले नाही तर तो पुन्हा विचारील, ही धास्ती त्यात नसते.

त्याच सुमारास, १९२६ साली, वॉर्सात यानुश कोर्चाक यांनी एका ज्यू दैनिकाची मुलांची पुरवणी सुरू केली. ती मुलांनीच लिहावयाची. पोलंडभरच्या खेड्यापाड्यांतून मुलांची पत्रे येत आणि त्यांची दखल घेतली जाई. शेवटचा अंक १९३९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेचा, म्हणजे युद्ध सुरू झाले त्या दिवसाचा. कोर्चाकांचे पुढे १९४२ साली आपल्या अनाथाश्रमातील मुलांसह काय झाले ते आपण जाणतोच. त्यांच्या त्यागाची आठवण आपण दर वर्षी काढतो. मुलाच्या पत्राला उत्तर मिळालेच पाहिजे हा त्यांचा साधा हट्ट मात्र तितकासा आठवला जात नाही.

असो. मी मैत्रिणीस कळविले की आवडता रंग पुरे, तुझ्या मुलांना आता प्रश्न पाठवावयास सांग. आठ दिवसांत एका मुलाचा कागद आला. वडील कोळी, समुद्रावर जाणारे. त्याने लिहिले होते की सुरमई आमच्या समुद्रातली, तुमचा समुद्र तर दुसरा. मग ती तुमच्याकडे कशी पोहोचली, विमानाने की काय?

या प्रश्नाने आमची नऊ मुले जागी झाली. अश्दोदच्या धक्क्यावर जाऊन त्यांनी कोळ्यांना विचारले, ग्रंथालयात पुस्तके चाळली, शाळेतील विज्ञानाच्या शिक्षिकेस छळले. आणि उत्तर मिळाले ते मलाही ठाऊक नव्हते. सुरमई मूळची हिंदी महासागराकडील. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि तांबड्या समुद्रातील अनेक जाती हळूहळू त्या वाटेने भूमध्य समुद्रात शिरल्या. १९३० च्या दशकात आपल्या या किनाऱ्यावर सुरमई सापडल्याची नोंद झाली, आणि आज ती येथे नित्याची आहे. माझी नात हे ऐकून म्हणाली, "आजी, म्हणजे सुरमईनेही आलिया केली!" हे वाक्य तिला अलिबागेस कळवावयाचे होते, आणि ते मी लिहून देण्यास नकार दिला. "ज्याला सांगावयाचे त्याला हिब्रू येत नाही, आणि मला आज वेळ नाही," असे मी म्हटले. थोडे कठोर झाले खरे. त्या एका वाक्यासाठी ती 'स', 'र', 'म', 'ई' शिकावयास बसली. अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घ यांचा विचार आम्ही पुढे ढकलला. अक्षरओळख तक्त्यावरून न होता पाठवावयाच्या वाक्यावरून झाली, आणि सुमारे चार महिन्यांत नऊपैकी पाच मुले अलिबागची पत्रे स्वतः वाचू लागली. चार गळाली, त्यांतील दोघांच्या आईवडिलांनी मला विचारले की मराठी शिकून यांना पुढे उपयोग काय. त्या प्रश्नास नोकरीच्या भाषेत उत्तर नाही, आणि मीही ते बनवून दिले नाही.

खोर फक्कानहून येणारे कागद आम्हांस सर्वांत मौजेचे वाटत. तेथील मुलींना अरबी येते, त्यामुळे त्या बाजारात विचारून नावे गोळा करीत. आपण ज्याला हेकरू म्हणतो त्याला तेथे हामूर म्हणतात, आणि आमच्याकडे लोकुस. खारवलेल्या माशास तेथे 'मालेह' म्हणतात. जवळच्या दिब्बा अल्-हिस्न येथे त्याचा दर वर्षी उत्सवही भरतो. अलिबागच्या मुलांनी लगेच खारवलेल्या सुरमईची कृती लिहून पाठविली. आमच्या एका मुलाने मात्र वेगळेच हेरले: अरबी 'मिल्ह' आणि हिब्रू 'मेलख', दोन्ही म्हणजे मीठ. "हे दोन शब्द भाऊ आहेत, मराठीचे मीठ मात्र शेजारी आहे," असे त्याने मोडक्या देवनागरीत लिहिले. मैत्रिणीने तो कागद वर्गाच्या भिंतीवर लावला आहे. भाषाशास्त्राचा तास याहून चांगला मी कधी घेतलेला नाही.

दूरच्या मुलांना जोडण्याचे हे काम याहून पुष्कळ मोठ्या प्रमाणावर आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे, हे येथे सांगितले पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले. रक्कम दहा लाख डॉलर. हे पारितोषिक देणारी संस्था सनी वर्की यांची. त्यांचे आईवडील १९५९ साली केरळातून दुबईस शिकविण्यासाठी गेले होते, आणि पारितोषिकाचे पहिले समारंभही दुबईतच होत असत. डिसले गुरुजींनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. वृत्तपत्रांनी या दानावर भर दिला, आणि ते योग्यच होते. परंतु शिक्षिका म्हणून माझे लक्ष दुसरीकडे गेले.

२००९ साली ते परितेवाडीस आले तेव्हा शाळा गुरांचा गोठा आणि अडगळीची खोली यांच्या मधल्या पडक्या इमारतीत भरत होती. पुस्तके मुलांच्या घरच्या भाषेत नव्हती. घरची भाषा होती कन्नड. तेव्हा गुरुजी स्वतः ती भाषा शिकले आणि पहिली ते चौथीची पुस्तके मुलांना कळतील अशी नव्याने रचली. त्यांवर क्यूआरचे चौकोनी ठसे छापले. फोन समोर धरला की कविता ऐकू यावी, धडा पाहता यावा. २०१७ साली महाराष्ट्राने सर्व इयत्तांच्या पुस्तकांसाठी हीच पद्धत स्वीकारली. त्यानंतर त्यांचा सीमा ओलांडण्याचा उपक्रम येतो: भारत व पाकिस्तान, इस्राएल व पॅलेस्टाइन, इराण व इराक अशा परस्परविरोधी देशांतील मुलांच्या जोड्या लावावयाच्या, त्यांनी सहा आठवडे एकत्र काम करावयाचे. पारितोषिक देणाऱ्यांनी सहभागी मुलांची संख्या एकोणीस हजार सांगितली होती.

सहा आठवड्यांत दोन राष्ट्रांत सलोखा होतो असे मी म्हणणार नाही. येथे राहून तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण गुरुजींच्या कामाचा क्रम मला फार शिकवून गेला. त्यांनी ओलांडलेली पहिली सीमा देशादेशांमधील नव्हती, ती मुलाच्या घरची बोली आणि त्याच्या हातातले पुस्तक यांच्या मधली होती. ती ओलांडली नसती तर पुढच्या सीमांवर मुलांनी बोलावयाचे कोणत्या तोंडाने?

साताऱ्याकडील फलटणचेही उदाहरण आहे. मॅक्सीन बर्नसन या जन्माने अमेरिकन, पण मराठीच्या व्यासंगी विदुषी. त्यांनी फलटणमध्ये मुलांना मराठी वाचनलेखन शिकविण्यासाठी हयात वेचली. त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेत सुगत मित्र यांच्या २०१३ साली पुरस्कार मिळालेल्या योजनेतील एक केंद्र निघाले. इंग्लंडमधील निवृत्त शिक्षक व आजीबाई संगणकाच्या पडद्यावरून मुलांशी गप्पा मारीत, गोष्टी वाचून दाखवीत. कल्पना मोहक आहे. माझी तक्रार एवढीच की त्यात आजी साता समुद्रापलीकडून इंग्रजी घेऊन येते. आपल्या मुलांजवळही तिला देण्यासारखे काही असते, ते मागणारी आजी मला अधिक आवडेल.

यंत्राविषयी दोन शब्द. आमच्याजवळ साधे फोन आहेत, त्यापलीकडे काही नाही. आरंभी मला वाटले होते की मुलांना पडद्यावर समोरासमोर बसवावे. पण अमिरातींतून व्हॉट्सॲपवर थेट बोलणे जमेना. ध्वनिमुद्रित निरोप आणि कागदाचे छायाचित्र तेवढे जाई. शिवाय वेळ. हिवाळ्यात अश्दोदला दुपारचे दोन वाजतात तेव्हा खोर फक्कानला चार आणि अलिबागेस साडेपाच. त्यात सुट्ट्यांचा घोळ: आमचा शब्बाथ, अलिबागचा रविवार, आणि शारजात २०२२ पासून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी. सर्वांच्या शाळा चालू असतात असे दिवस उरतात सोमवार ते गुरुवार. या अडचणीमुळे संभाषणाऐवजी लेखन करणे भाग पडले, आणि आज मला वाटते की बरेच झाले. समोरासमोर बसवलेली मुले हात हलवून हसतात आणि गप्प होतात. कागद मात्र थांबून राहतो. त्यावर विचार करता येतो, चूक खोडता येते.

२०२३ च्या ऑक्टोबरात आमच्या शाळा बंद झाल्या. भोंगे वाजत होते, मुले आश्रयाच्या खोलीत झोपत होती, आणि वहीचा विषय मी काढावा की नाही हे मला कळत नव्हते. खोर फक्कानच्या घरीही या पत्रव्यवहाराविषयी काही संकोच असेल अशी मला शंका आली. मैत्रिणीच्या मुलास मी स्वतः निरोप पाठविला की तुम्हांस अवघड वाटत असेल तर काही दिवस थांबू. त्याचे उत्तर आले, "मावशी, हिने दोन पाने लिहून ठेवली आहेत, आता कशी थांबवू?" अलिबागहून एका मुलीने विचारले होते, "तुमच्याकडे भोंगा वाजला की मासे घाबरतात का?" आमच्यातील सर्वांत धाकटा, तोवर एक अक्षर न लिहिणारा, म्हणाला, "मी सांगतो." त्याने लिहिले ते एवढेच: "मासे पाण्यात. मी घाबरतो." दोन ओळी, त्यात 'घ' उलटा. मी तो सुधारला नाही.

माशांची वही यंदा तिसरी चालू आहे. पहिल्या दोन वह्यांच्या प्रती आम्ही तिन्ही ठिकाणी बांधून ठेवल्या आहेत. ज्यांना पाहावयाच्या असतील त्यांनी आमच्या प्रार्थनामंदिरात सोमवारी सायंकाळी यावे, आणि घरात आजीची जुनी पत्रे असतील तर ती बरोबर आणावी, कारण मुलांना आता हस्ताक्षरे वाचण्याचा छंद लागला आहे. सध्या मासे बाजूस पडले असून किल्ल्यांचा विषय निघाला आहे. अलिबागचा वर्ग रेवदंड्याच्या तटावर सहलीस जाऊन आला आणि त्यांनी खोर फक्कानला विचारले आहे: पोर्तुगीज आधी तुमच्याकडे आले की आमच्याकडे? तेथील मुली शोधास लागल्या आहेत. गावात शारजा सार्वजनिक ग्रंथालयाची शाखा आहे, पण पुस्तके अरबीत, तेव्हा अरबीच्या शिक्षिकेस गाठण्याचे त्यांनी ठरविले आहे. मला उत्तर ठाऊक आहे, पण ते सांगावयाचे नाही अशी मुलांची ताकीद आहे.